एका गावाच्या दोन आगी

स्ट्रासबुर्ग हे गाव कोणाचे, असा प्रश्न तिथल्या जुन्या माणसाला विचारू नये. १८७१ साली ते जर्मनांकडे गेले, पहिले महायुद्ध संपताच फ्रेंचांकडे परत आले, १९४० साली पुन्हा जर्मनांनी घेतले आणि १९४४च्या नोव्हेंबरात पुन्हा फ्रेंच झाले. म्हणजे १८७० साली तिथे जन्मलेल्या एखाद्या दीर्घायुषी आजीबाईने आपल्या घराचा उंबरठा न ओलांडता चार वेळा देश बदलला असणार! अजूनही जुन्या गावातल्या रस्त्यांवर दोन दोन भाषांतल्या पाट्या आहेत. घरे जर्मन वळणाची, लाकडी पट्ट्यांची आणि उतरत्या छपरांची. पण खाली दुकानात मिळतो तो पाव अस्सल फ्रेंच. पॅरिसहून वेगवान गाडीत बसले की दोन तासांच्या आत आपण या दुहेरी संसाराच्या गावात उतरतो.

प्रवासी येथे येतात ते कॅथीड्रल पाहायला. तांबूस वालुकाश्माची ही प्रचंड वास्तू १४२ मीटर उंच आहे आणि १६४७पासून १८७४पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत हीच होती. गंमत अशी की तिला मनोरा एकच. दुसरा बांधायचा राहूनच गेला. आत एक अजस्र खगोलीय घड्याळ आहे. दुपारी साडेबाराला त्यातून ख्रिस्ताचे बारा शिष्य एकामागून एक बाहेर येतात आणि कोंबडा आरवतो. ते पाहायला लहानथोरांची झुंबड उडते. इल नदीच्या कालव्यांतून होड्या फिरतात, पुलांवर फुलांच्या कुंड्या लटकतात. हे सारे मीही डोळे भरून पाहिले. पण त्याची वर्णने आपण अनेकदा वाचली असतील. मला सांगायचे आहे ते या गावाने पाहिलेल्या दोन आगींविषयी. पहिली १८७० सालची, दुसरी २०२१ सालची. पहिलीत पुस्तके जळाली, दुसरीत संगणक. आणि दोन्हींचा धडा एकच आहे.

कॅथीड्रलपासून दोन मिनिटांवर गुटेनबर्गचा चौक लागतो. छापखान्याचा हा जनक मूळचा माइन्त्सचा. पण १४३४च्या सुमारास तो स्ट्रासबुर्गला आला आणि दहाएक वर्षे येथे राहिला. छपाईच्या कल्पनेशी त्याची झटापट सुरू झाली ती याच गावात. १८४० साली उभारलेल्या पुतळ्याच्या हातात एक छापील पान आहे. एका पुस्तकाच्या शेकडो प्रती काढून त्या शेकडो गावी पाठवण्याची सोय ज्याने जगाला दिली, तो माणूस या चौकात उभा आहे. आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर एक चर्च आहे, 'ताँप्ल नफ' म्हणजे 'नवे मंदिर' नावाचे. आज दिसते ती इमारत १८७०नंतर बांधलेली. तिच्या जागी पूर्वी डोमिनिकन साधूंचे जुने चर्च होते आणि त्यात गावातली दोन मोठी ग्रंथालये नांदत होती : एक नगराचे, दुसरे प्रॉटेस्टंट धर्मपाठशाळेचे. दोन संस्था, दोन संग्रह, पण छप्पर एक.

१८७०च्या ऑगस्टमध्ये प्रशियाच्या फौजेने गावाला वेढा घातला. २४ ऑगस्टच्या रात्री तोफांचा भडिमार झाला आणि त्या छपराने पेट घेतला. सकाळपर्यंत दोन्ही ग्रंथालये संपली. लाखांनी मोजावेत इतके ग्रंथ राख झाले. गुटेनबर्गवर १४३९ साली येथे चाललेल्या एका खटल्याचे जुने कागदही त्यातच गेले; आज आपल्याला त्यातला मजकूर ठाऊक आहे तो अठराव्या शतकात एका विद्वानाने तो छापून ठेवला म्हणून. सर्वांत मोठी हळहळ मात्र एका हस्तलिखिताची. बाराव्या शतकात होहेनबुर्गच्या मठाची प्रमुख हेराड हिने आपल्या मठातल्या तरुण जोगिणींसाठी एक विश्वकोश रचला होता. नाव 'होर्तुस देलिकियारुम', म्हणजे 'आनंदाची बाग'. त्यात तीनशेहून अधिक चित्रे होती. साऱ्या जगात त्याची प्रत एकच, आणि ती या छपराखाली होती.

तरीही आज 'आनंदाची बाग' आपण पाहू शकतो, पूर्ण नाही तरी बरीचशी. कारण एंगेलहार्ट नावाच्या एका गृहस्थांनी १८१८ साली त्यातल्या काही चित्रांच्या नकला काढून छापल्या होत्या; पुढे इतरांनीही चित्रे आणि मजकूर उतरवून घेतला होता. त्या नकला इतर घरी, इतर गावी होत्या. त्या गोळा करून १९७९ साली लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटने ग्रंथ शक्य तेवढा पुन्हा उभा केला. आपल्याला इंद्रायणीची कथा ठाऊक आहे. गाथा डोहात बुडाली तरी अभंग लोकांच्या मुखी होते, असे त्या कथेचे मर्म आपण सांगतो. येथे चमत्कार नव्हता, पण तत्त्व तेच. जी प्रत घराबाहेर पडली होती ती वाचली.

आता दुसऱ्या आगीच्या जागी जाऊ या. त्यासाठी जुने गाव सोडून ट्रामने पूर्वेला ऱ्हाइन नदीकडे जायचे. हा भाग बंदराचा. नदीतून सपाट पोटाच्या लांबलचक नावा जातात, काठाला गोदामे, धान्याच्या टाक्या, कंटेनरांच्या राशी. गाइड लोक येथे कोणाला आणत नाहीत. याच भागात ओव्हीएच या फ्रेंच कंपनीचे डेटा सेंटर आहे. कंपनी १९९९ साली ऑक्टाव्ह क्लाबा यांनी स्थापली. मुख्य ठाणे फ्रान्सच्या उत्तरेला रूबे येथे. बाहेरून पाहिले तर कुंपणापलीकडे कारखानावजा इमारती, एवढेच दिसते.

आपण म्हणतो, माझे फोटो 'क्लाउड'वर आहेत. जणू ते ढगात तरंगत असतात! ढग कसला? जमिनीवरची एक इमारत, तीत कपाटांच्या रांगा, कपाटांत एकावर एक रचलेले सर्व्हर, म्हणजे अहोरात्र चालणारे संगणक. ते तापतात म्हणून त्यांना गार ठेवायची व्यवस्था. वीज गेली तर क्षणाचाही खंड पडू नये म्हणून बॅटऱ्यांच्या आणि यूपीएसच्या खोल्या, आणि त्यानंतरचा आधार म्हणून डिझेलची जनित्रे. आपले पासबुक, आपले रेल्वेचे तिकीट, लेकीच्या लग्नाचे फोटो, कोपऱ्यावरच्या दुकानदाराची खातेवही, हे सारे आता अशा इमारतींत राहते.

१० मार्च २०२१ रोजी, मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने, येथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत विजेच्या खोलीतून धूर निघाला. ही इमारत पाच मजल्यांची. शंभराच्या आसपास अग्निशामक जवान धावून आले. नदीतून 'युरोपा-१' ही फ्रान्स आणि जर्मनी या दोघांनी मिळून ठेवलेली बंबाची नौका आली आणि ऱ्हाइनचे पाणी उपसून मारू लागली. पण पुढे अग्निशामक दलाच्या अहवालात आले की आपोआप आग विझवणारी यंत्रणा इमारतीत नव्हती, सगळी वीज एका झटक्यात तोडणारा खटका नव्हता आणि वीज बंद व्हायलाच जवळजवळ तीन तास गेले. सकाळी दुसऱ्या इमारतीचा कोळसा झाला होता. पहिल्या इमारतीच्या बारापैकी चार खोल्या गेल्या होत्या. तिसरी आणि चौथी जळाल्या नाहीत. पण त्यांचीही वीज तोडावी लागली, म्हणून त्याही बंद. सुदैवाने एकाही माणसाला इजा झाली नाही.

नेटक्राफ्ट या इंटरनेटचे मोजमाप करणाऱ्या कंपनीच्या अंदाजाप्रमाणे ३६ लाख संकेतस्थळे त्या दिवशी बंद पडली. त्यांत फ्रेंच सरकारची होती, पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्राचे होते, आणि बाकी बहुतेक लहान माणसांची : वकील, दुकानदार, संस्था, वर्तमानपत्रे. 'रस्ट' नावाच्या संगणकीय खेळाचे युरोपातले सर्व्हर जळाले आणि हजारो पोरांनी उभारलेली त्यांची दुनिया कायमची गेली. क्लाबा यांनी त्या रात्रीच ग्राहकांना कळवले की आपापली आपत्तीतली योजना अमलात आणा. ज्यांच्याजवळ योजना होती त्यांनी आणली. कित्येकांना मात्र त्या सकाळीच प्रथम कळले की अशी काही योजना करायची असते! काहींनी तर जादा पैसे भरून नक्कल ठेवण्याची सोय घेतली होती. अशा एका ग्राहकाच्या दाव्यात २०२३ साली लीलच्या व्यापारी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याची नक्कल मूळ प्रतीच्याच इमारतीत ठेवलेली होती.

चार इमारतींना चार क्रमांक होते, म्हणून कागदावर ती चार केंद्रे वाटत. पण आवार एक, विजेचा मार्ग एक, आग पसरायला अंतर हाताभराचे. ताँप्ल नफमधल्या दोन ग्रंथालयांसारखीच ती एका छपराखाली होती म्हणा ना. प्रती किती आहेत हे मोजून भागत नाही. एकाच संकटाचा हात त्यांतल्या किती प्रतींपर्यंत पोहोचतो, ते मोजावे लागते.

मग कोणी म्हणेल, सोपे आहे. दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवा. ठेवावीच. पण एवढ्याने काम संपत नाही, आणि ते का संपत नाही हे समजायला स्ट्रासबुर्गसारखी जागा नाही. बंदराच्या जवळच ऱ्हाइनवर पूल आहेत. एक मोटारींचा, एक आगगाडीचा, एक २००४ साली बांधलेला देखणा पादचारी पूल, आणि २०१७पासून ट्रामही पलीकडे जाते. पलीकडे केल, जर्मनीतले गाव. लोक भाजी घ्यायला देश ओलांडतात!

समजा, एका पेढीची खातेवही दोन्ही काठांवर ठेवली आहे. इकडे काही लिहिले की निरोप्या पुलावरून पळत जातो आणि तिकडच्या वहीत तेच लिहून येतो. एके दिवशी पूल तुटला. आता स्ट्रासबुर्गच्या कारकुनाला काय कळणार? एवढेच, की पलीकडून उत्तर येत नाही. केल जळून गेले की फक्त पूल पडला, हे त्याला येथे बसून सांगता येत नाही. केलच्या कारकुनाचीही तीच गत. दोघेही कर्तव्यदक्ष, दोघेही समजतात की दुसरा संपला, आता पेढी मीच चालवायची. एका खातेदाराच्या खात्यात शंभर युरो आहेत. ते स्ट्रासबुर्गने त्याला दिले आणि केलने त्याच्या भावाला दिले. पूल दुरुस्त झाला तेव्हा दोन वह्या, दोन सत्ये! संगणकवाले याला मेंदू दुभंगणे म्हणतात. यंत्र बंद पडण्यापेक्षा हा आजार भयंकर, कारण बंद पडलेले यंत्र खोटे तरी बोलत नाही. एकाच गावावर दोन सरकारांनी हक्क सांगितला की काय होते, हे या काठावरच्या लोकांना निराळे शिकवावे लागत नाही.

यावर तोड काय? तोड आपल्या गावगाड्यात कधीचीच आहे. पाचामुखी परमेश्वर! पंच पाच असतात, चार नाही, याला कारण आहे. पाचांपैकी तीन एका बाजूला आले की निर्णय लागतो आणि दुसऱ्या बाजूला तीन उरणे शक्यच नसते. सर्व्हरांच्या समूहाचा नियम नेमका हा आहे. एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक सर्व्हर ज्याच्याशी बोलू शकतात त्यानेच कारभार करायचा. जो अल्पसंख्येत सापडला त्याने, स्वतः धडधाकट असला तरी, मुकाट्याने लिखाण थांबवायचे. तीन सर्व्हर असतील तर एक गेला तरी चालते. पाच असतील तर दोन गेले तरी चालते. चार ठेवल्याने तिनांपेक्षा अधिक काही मिळत नाही, कारण चारांत बहुमत तिघांचे. म्हणून शहाणी माणसे विषम संख्या धरतात.

पण संख्या विषम करून ती दोनच गावांत वाटली तर पुन्हा फसगत. तीन इकडे, दोन तिकडे ठेवले आणि नेमके इकडचे गाव जळाले, तर उरलेले दोघे अल्पसंख्येत. ते जिवंत असूनही बोलणार नाहीत. यासाठी तिसरे गाव लागते. दोन, दोन आणि एक अशी वाटणी केली की कोणतेही एक गाव गेले तरी किमान तीन शिल्लक राहतात. तिसऱ्या गावी सगळी दौलत ठेवण्याचीही गरज नाही. एक लहानसे यंत्र केवळ साक्षीदार म्हणून, मत देण्यापुरते ठेवले तरी भागते. केलशी मार्ग तुटला तर स्ट्रासबुर्गने त्या साक्षीदाराला विचारावे, आणि ज्याच्या बाजूला साक्षीदार, त्याची पेढी चालू.

मतदानाचा विषय निघालाच आहे, तर ट्रामने थोडे वायव्येला जाऊन युरोपीय संसदेची इमारत पाहू या. १९९९ साली तिचे उद्घाटन झाले. काचेची, गोल, आणि मनोरा मुद्दाम अर्धवट राहिल्यासारखा. ही संसद येथे बारा महिने भरत नाही. वर्षातून बारा अधिवेशने, प्रत्येक चार दिवसांचे. एरवीचे बरेचसे काम ब्रुसेल्सला. सातशेवर सभासद, त्यांचे कागद, दुभाषे, सारा लवाजमा महिन्यातून एकदा येतो आणि जातो. या फेऱ्यांवर बरीच टीका होते. पण करोनाच्या साथीत मार्च २०२०पासून जून २०२१पर्यंत स्ट्रासबुर्गचे सभागृह रिकामे राहिले आणि संसदेचा कारभार ब्रुसेल्सहून चालू राहिला, हेही खरे. बंदरावर आग लागली त्या रात्री गावातली ही एक मोठी संस्था दुसऱ्या ठिकाणाहून सुरळीत काम करत होती!

येथील गणपूर्तीचा नियम मात्र यंत्रांना चालणार नाही. सभासदांपैकी एक तृतीयांश हजर असले की संसदेची गणपूर्ती होते, आणि कोणी मोजणी मागितली नाही तर तेवढ्याचीही विचारपूस होत नाही. माणसांची संसद एकाच दालनात भरते म्हणून हे निभते. यंत्रे दोन दालनांत अडकू शकतात; एक तृतीयांशाचा नियम लावला तर दोन्ही दालनांत गणपूर्ती होऊन दोन संसदा भरतील.

अशा ये-जा करणाऱ्या संसदेवरच लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने आपले प्रसिद्ध संशोधन रचले. ग्रीसच्या पॅक्सॉस बेटावर प्राचीन काळी एक संसद होती, तिचे सभासद व्यापारी असल्याने मध्येच उठून जात, निरोपे निरोप विसरत, तरी कायद्यांच्या वह्या सर्वांजवळ एकसारख्या राहत, अशी काल्पनिक हकिकत त्यांनी एखाद्या पुराणवस्तुसंशोधकाच्या थाटात लिहिली. १९९० साली निबंध नियतकालिकाकडे दिला. तो प्रसिद्ध झाला १९९८ साली. विनोद सर्वांना रुचला नाही, पण आतले गणित पक्के होते. २०१३चे ट्युरिंग पारितोषिक लॅम्पोर्ट यांना मिळाले. पुढे २०१४ साली स्टॅनफर्डच्या ओंगारो आणि औस्टरहाउट या दोघांनी तोच हेतू साधणारी, समजायला सोपी अशी 'राफ्ट' ही पद्धत मांडली. तिच्यात सर्व्हर आपल्यातला एक म्होरक्या निवडतात. तो ठरावीक वेळाने सर्वांना 'मी आहे' असा निरोप देतो. निरोप थांबला की बाकीचे थोडी थोडी, प्रत्येकजण वेगवेगळी, वाट पाहतात. ज्याचा धीर आधी सुटतो तो निवडणुकीला उभा राहतो आणि बहुमत मिळाले तर म्होरक्या होतो. प्रत्येक निवडणुकीला चढता क्रमांक असतो. जुना म्होरक्या शुद्धीवर येऊन हुकूम सोडू लागला तर नवा क्रमांक पाहून तो आपणहून खाली बसतो. खुर्चीचा असा मोह नसलेले पुढारी यंत्रांतच सापडावेत!

या गावात मला आणखी एका ठिकाणाविषयी जिव्हाळा होता. मुंबईत या देशांचा व्हिसा मागताना दहाही बोटांचे ठसे घेतात. माझे ठसे माझ्या आधी स्ट्रासबुर्गला पोहोचले होते! युरोपीय देशांची व्हिसाची सामाईक नोंदवही चालवणारी संस्था आहे 'ईयू-लिसा'. तिचे मुख्य कार्यालय एस्टोनियात ताल्लिन येथे. पण यंत्रे चालतात ती स्ट्रासबुर्गच्या दक्षिणेकडच्या नॉयहोफ भागात. आत अर्थातच कोणी सोडत नाही. परंतु त्यांचे पर्यायी केंद्र कुठे आहे हे जाहीर आहे : ऑस्ट्रियात, आल्प्सच्या डोंगरांत, सांक्ट योहान इम पोंगाउ या गावी. सरळ रेषेत सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. ऱ्हाइनला पूर आला तरी तो आल्प्स चढणार नाही.

मग सगळेच जण प्रती अशा दूर का ठेवत नाहीत? एक कारण पैसा. दुसरे कारण प्रकाश. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. आपल्याला तो वेग अफाट वाटतो. पण सव्वाचारशे किलोमीटर जाऊन परत यायला त्यालाही चार-पाच सहस्रांश सेकंद लागतात, आणि वाटेतली यंत्रे आपला वेळ घेतात तो वेगळा. पलीकडच्या वहीत लिहून झाल्याची पोच आल्याशिवाय येथले काम पुरे मानायचे नाही असे ठरवले, तर प्रत्येक नोंदीमागे हा विलंब सोसावा लागतो. पोचेची वाट न पाहता पुढे गेले, तर काम झपाट्याने होते. पण आग लागली त्या क्षणी वाटेवर असलेल्या नोंदी बुडतात. पेढीने पहिला मार्ग धरावा, गप्पांच्या खेळाने दुसरा धरला तरी बिघडत नाही. निवड ज्याची त्याने, पण डोळे उघडे ठेवून करावी.

आणखी दोन गोष्टी लोक विसरतात. दोन केंद्रे भरगच्च चालवली आणि एक पडले, तर दुसऱ्यावर दुप्पट भार येऊन तेही मोडते. दोन असतील तर प्रत्येक निम्मेच भरावे, तीन असतील तर दोन तृतीयांशापर्यंत. उरलेली रिकामी जागा ही उधळपट्टी नव्हे, तो विमा आहे. दुसरे असे, की चालती प्रत आणि ठेवणीतली प्रत या दोन वेगळ्या वस्तू. चालत्या प्रती एकमेकींचे सारे काही उतरवून घेतात, चूकसुद्धा! कोणी चुकून सगळी खाती पुसली तर ती तिन्ही गावांत क्षणार्धात पुसली जातील. म्हणून कालची, परवाची वही निराळ्या कुलपात, निराळ्या गावी ठेवलेली असावीच लागते.

आणि सर्व करूनही, ऐन वेळी स्थलांतराचा निर्णय घ्यायला धैर्य लागते. याचे उदाहरण आपल्या मुंबईत त्याच सुमारास घडले. स्ट्रासबुर्गच्या आगीआधी दोन आठवडे, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले ते पावणेचारपर्यंत सुरू झाले नाहीत. दळणवळणाच्या तारांतला बिघाड यंत्रणेला भोवला होता. पर्यायी केंद्र होते. पण कारभार तिकडे हलवला गेला नाही. पुढच्याच महिन्यात 'सेबी'ने नियम कडक केले : महत्त्वाची यंत्रणा बिघडली की अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पुन्हा चालू करायचे, गरज पडल्यास पर्यायी केंद्रातून. २ मार्च २०२४ या शनिवारी बाजार खास उघडला गेला. सकाळचे पहिले सत्र मुख्य केंद्रातून झाले आणि दुसरे पर्यायी केंद्रातून. आपत्ती नसताना आपत्तीची अशी तालीम करणे, तीही खऱ्या पैशांच्या व्यवहारात, हे मला फार मोलाचे वाटते. ज्या जिन्याने कधी कोणी उतरले नाही तो आगीच्या रात्री अंधारात सापडत नाही.

१८७०नंतर स्ट्रासबुर्गने नवे ग्रंथालय उभारले. जर्मनीतून आणि जगभरातून देणगीदाखल ग्रंथ आले, १८९५ साली त्याची भव्य इमारत उघडली आणि आज ते फ्रान्समधल्या मोठ्या ग्रंथालयांपैकी एक आहे. देणग्यांनी कपाटे भरली. एकुलत्या एका प्रतीची जागा मात्र भरली नाही. २०२१च्या आगीनंतरही कंपनीने ग्राहकांना नवे सर्व्हर दिले. सर्व्हर नवे मिळतात, त्यावरचे लिखाण मिळत नाही. ज्या दुकानदाराची खातेवही त्या रात्री गेली, त्याला नव्या रिकाम्या वहीचे काय कौतुक?

तेव्हा ज्यांच्या हाती आपण आपला हिशेब, आपली पत्रे, आपल्या माणसांची चित्रे सोपवली आहेत, त्यांना तीन प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. दुसरी प्रत कुठे असते? दोन्ही ठिकाणांमधला मार्ग तुटला तर निर्णय कोण देतो? आणि मुख्य केंद्र मुद्दाम बंद करून शेवटची तालीम कधी केली होती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'शेजारच्याच इमारतीत' असे आले, तर त्या गृहस्थांना खुशाल स्ट्रासबुर्गच्या सहलीला पाठवावे. कॅथीड्रल पाहावे, कोंबडा आरवताना ऐकावा, आणि निघण्यापूर्वी ताँप्ल नफच्या दारात दोन मिनिटे उभे राहावे. चालत तिथवर जायला वेळ फारसा लागत नाही.